पुढचं बाबांच्या कानाशी वाच

तीर्थरूप आईला, आणि पलंगावर निजलेल्या बाबांनाही, साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. खोली हवेशीर आहे, जेवण वेळेवर होतं. तुझी कंबर कशी आहे? बाबांना कुशीवर वळवताना दादाला हाक मारत जा, एकटी ओढाताण करू नकोस.

प्रयोगशाळेत माझं काम म्हणजे बाबांसारख्या, महिनोन्‌महिने शुद्धीवर न आलेल्या माणसांच्या डोक्याला मेंदूतली हालचाल पडद्यावर दाखवणारी तारांची टोपी बसवायची. मग आमच्या मॅडम त्यांना सांगतात, "मनातल्या मनात मूठ आवळा." हात जागचा हलत नाही. पण काल एका आजोबांच्या पडद्यावरच्या रेषा दर वेळी उसळल्या. सगळ्यांच्या उसळत नाहीत हं, लगेच आशा लावून बसू नकोस.

तुझं नामस्मरण बाबांच्या आत्म्याला पोचतं, असं तू म्हणतेस. मॅडम देवबिव मानत नाहीत, तरी पेशंटच्या खोलीत शिरताना "येऊ का?" विचारतात, आणि उशाशी कुणाला वेडंवाकडं बोलू देत नाहीत. तुमचं दोघींचं छान जमेल.

म्हणूनच कालपासून मनात एकच घोळतंय, त्या आजोबांसारखं बाबांनाही सगळं ऐकू येत असेल तर? रविवारी दादा बाबांच्या उशाशी बसूनच मला फोनवर म्हणाला, "नाकातली नळी काढून टाकू, सुटतील बिचारे."

पुढचं बाबांच्या कानाशी वाच, सावकाश.

बाबा, दादा दमलाय, म्हणून तसं बोलला. नळी कुणीही काढत नाहीये. ऐकू आलं असेल तर मूठ आवळा. आम्हाला दिसली नाही, तरी आवळा.

तुमची,
धाकटी