दोन पेडलांची गाडी, तीन पेडलांची गाडी

मी, नवल तोताराम बोरसे, वय वर्षे एकावन्न, धंदा मुद्रण, मूळचा दोंडाईच्याकडचा, हल्ली राहणार जळगाव, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाखाली, नशेखाली अथवा उपदेशाखाली न येता लिहवून ठेवीत आहे. माझे मन शाबूत असल्याचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. शरीराविषयी त्यांनी प्रमाणपत्र दिले नाही, मीही आग्रह धरला नाही. हातात लेखणी टिकत नसल्यामुळे मी बोलत आहे आणि ॲड. दिपमाला सिसोदे लिहीत आहेत. मजकुरातील जड शब्द सर्वस्वी माझे समजावेत. आयुष्यभर लग्नपत्रिका, मानपत्रे आणि दशक्रियेची कार्डे छापणाऱ्याच्या जिभेला तसेच वळण पडते. स्वल्पविराम तेवढे वकीलबाईंचे आहेत.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. यानंतर दुसरे करण्याइतकी सवड मिळेल असे दिसत नाही.

कलम पहिले : रोग

मिळकतीत सर्वप्रथम रोग नमूद करतो, कारण वडिलांकडून मजकडे जे जे आले त्यात ही एकच वस्तू निर्वेध, बोजाविरहित आणि भाऊबंदांच्या हरकतीवाचून आली.

आमच्या घराण्यात श्रावणात कानबाई देवी बसते. तिच्या नैवेद्याच्या रोटासाठी घरातील प्रत्येक पुरुषाच्या नावाने गव्हाची मूठ काढतात. बायकापोरींच्या नावाने काढीत नाहीत. माझे वडील तोताराम यांचा डावा पाय ओढू लागला तेव्हा भाऊबंदांनी गंभीर विचारविनिमय करून निष्कर्ष काढला की गेल्या वर्षी तोतारामची मूठ काढायची राहिली. पुढल्या वर्षी त्यांच्या नावाने दुप्पट गहू काढला. वडील खाटेला खिळले. मग काका झुलाल यांचा पाय गेला, गहू आणखी वाढला. असा गहू वाढत गेला आणि माणसे कमी होत गेली. दवाखान्यात कोणी गेले नाही, कारण कारण ठाऊक होते.

आत्या भिकुबाई यांचाही पाय ओढत असे. तो बैलाने खूर दिल्यामुळे, असे त्या सांगत. माझी कन्या मयुरी हिच्या बारशाला त्या तोच पाय ओढीत आल्या, पाळण्यात वाकून पाहिले आणि माझ्या पत्नीला धीर दिला : "पोरनी काळजी करू नको, रत्ना. तिनी मूठच नही शे, तिले काय व्हई?"

मी सत्तेचाळिसाव्या वर्षी नाशिकच्या तज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी माझा पाय थोडा वेळ पाहिला आणि वडील, काका, आत्या यांच्याविषयी बराच वेळ विचारले. रोग मज्जातंतूंचा असून रक्तातून उतरतो. आधी डावा पाय, मग उजवा, मग हात, अखेरीस श्वास. अपत्याला तो येण्याची शक्यता निम्मी, मुलगा असो वा मुलगी. स्त्रीपुरुष समानतेचा इतका निष्ठावंत पुरस्कर्ता आमच्या घराण्यात दुसरा झालेला नाही.

मयुरी आज चोवीस वर्षांची आहे. रक्त तपासले की उत्तर मिळते. तिने तपासून घेण्यास नकार दिला आहे. त्यावर उपचार नाही, तर उत्तर घेऊन काय करू, असे तिचे म्हणणे. यास्तव या मृत्युपत्रातील एकमेव अवघड वाटणी पुढीलप्रमाणे आहे : माझ्या दोन मोटारींपैकी मयुरीस कोणती द्यावी. एकीला क्लच आहे, दुसरीला नाही. क्लच डाव्या पायाने दाबतात.

कलम दुसरे : चुलत बंधू भूषण

भूषण हा काका झुलाल यांचा मुलगा. गावाकडील शेतीतला माझा हिस्सा मी त्यास देतो. मागील दिवाळीस तो भेटीस आला, फराळ केला आणि माझ्या खुर्चीकडे न पाहता म्हणाला, "भाऊ, मृत्युपत्रात आजाराचं नाव नका टाकू. कागद चार लोकांत जातो. उद्या मयुरीला स्थळ कोण आणेल?"

त्याचे प्रेम मी समजतो. परंतु झाकून ठेवल्याने हा रोग लाजून परत गेल्याचे उदाहरण नाही. मयुरीस पाहावयास येणाऱ्या मंडळींना चहापूर्वी कलम पहिले वाचावयास द्यावे. उठून गेल्यास चहा वाचेल.

भूषण चव्वेचाळीस वर्षांचा आहे आणि गेल्या दिवाळीपासून डाव्या पायातली चप्पल पट्ट्याची वापरतो. साधी चप्पल निसटते म्हणून. हे मला कोणी सांगितले नाही, मी माझी चप्पल अशीच बदलली होती. तज्ज्ञांना पाय दाखवल्यावाचून हिस्सा मिळू नये, अशी अट घालण्याचा माझा मानस होता. नंतर विचार आला की शेतासाठी जो माणूस भीतीच्या दारात जाईल तो तेथून एकटाच परत येईल. अट मागे घेतली आहे. शेतासोबत मी त्यास नाशिकच्या डॉक्टरांचा पत्ता ठेवतो. सोबत न्यायचे असेल तर रत्ना जाईल. तिला तेथली लिफ्ट कोठे आहे ते माहीत आहे.

कलम तिसरे : घर व छापखाना

घर पत्नी सौ. रत्ना हिचे. उंबरठे तिने माझ्या चाकांच्या खुर्चीसाठी आधीच फोडून घेतले आहेत, ते पुन्हा बसवावेत की नाही हे तिने ठरवावे.

छापखाना मयुरी व पुना अहिरे यांनी निम्मे निम्मे वाटून चालवावा. मयुरी संगणकावर मजकूर जुळवते, पुना माझ्या उमेदीपासून यंत्रावर आहे. माझे दशक्रियेचे कार्ड पुनाने छापावे. त्यात 'दुःखद', 'अल्पशा आजाराने' व 'देवाज्ञा' हे शब्द नसावेत. आजार अल्प नव्हता आणि देवाने मला काही आज्ञा केल्याचे स्मरत नाही.

माझे वजनदार शब्दकोश ग्रंथालयास द्यावेत. न घेतल्यास पुनाने कागदावर वजन म्हणून वापरावेत. आजवर तेच करीत होतो.

कलम चौथे : मोटारी

कंपनीचे नाव लिहीत नाही, मरणोत्तर जाहिरात फुकट करण्याइतका मी उदार नाही. दोन्ही गाड्या एकाच घराण्यातल्या, टर्बो बसवलेल्या, दिसावयास शालीन व स्वभावाने उच्छृंखल. एक पहिल्या पिढीची : दीडशे अश्वशक्ती, तीन पेडल, पाच गिअर हाताने टाकावयाचे. दुसरी तिसऱ्या पिढीची : दोनशे तीस अश्वशक्ती, दोन पेडल, गिअर स्वतःच बदलणारी. एवढे अश्व जळगावात कोठे पळवणार हा प्रश्न रत्नाने तेव्हाच विचारला होता. तो अद्याप अनुत्तरित आहे.

पाच वर्षांपूर्वी, माझे दोन्ही पाय माझेच होते तेव्हा, दोन्ही एकाच मोसमात विकावयास निघाल्या. जुनी जळगावातच एका केळीच्या व्यापाऱ्याच्या वखारीत, धुळीखाली. नवी धुळ्यात एका डॉक्टरांकडे, पांढरी, जणू नुकतीच न्हाऊन आलेली. मी, रत्ना व मयुरी दोन्ही पाहून आलो. नवीत बसताच सर्व काही सुबोध होते. पाय ठेवावा, गाडी जावी. जुनीचा स्वभाव निराळा. ॲक्सिलरेटर दाबला की आधी काहीच घडत नाही, आपण तिला दोष देऊ लागतो, आणि तेवढ्यात टर्बो भरून ती पाठीत गुद्दा घालते. तो गुद्दा मला आवडला. मी जुनी घेतली. पारोळ्यापर्यंत गेलो आणि परत आलो. आयुष्यात कारणावाचून केलेला माझा तो पहिला प्रवास.

पुढे कळले की माझ्या रक्ताचीही प्रकृती तीच. सत्तेचाळीस वर्षे काहीच घडले नाही.

त्या वर्षी अजिंठा चौकात सिग्नल सुटला आणि माझा डावा पाय क्लचवर जाईना. मी त्याला आज्ञा केली, विनंती केली. तो दुसऱ्याच्या मालकीचा असल्यासारखा पडून राहिला. मागे केळीचा ट्रक भोंगा वाजवीत होता. शेजारी मयुरी होती. ती उतरली, वळसा घालून माझ्या दाराशी आली आणि म्हणाली, "पप्पा, तिकडे सरका."

मी गिअरच्या दांड्यावरून, सभ्य माणसाला न शोभणाऱ्या रीतीने, पलीकडे सरकलो. तिने गाडी घरी आणली. क्लच तिने असा हलका सोडला की मला कळलेही नाही. सारा रस्ता मी तिच्या डाव्या पायाकडे पाहत होतो. ते तिला कळले होते. त्या दिवसापासून ती माझ्यासमोर पाय लपवून बसते.

तदनंतर धुळ्याची गाडी पुन्हा विकावयास आली. दोनच पेडल असल्यामुळे मी ती घेतली आणि उजवा पाय जाईपर्यंत चालवली. ती निर्दोष गाडी आहे. मला ती कधीही आवडली नाही. रत्ना म्हणे, "त्या गाडीत तुम्ही बसायचात. हिच्यात तुम्हाला बसवावं लागतं."

आता वाटणी. मयुरीस नवी दिली तर मी तिला स्वाक्षरीनिशी लिहून देतो की माझ्या मते रोग तुझ्यापर्यंत पोहोचला आहे. जुनी दिली तर न पोहोचल्याचे लिहून देतो. यापैकी एकही विधान करण्याची माझी योग्यता नाही. दोन्ही विकून टाकाव्यात, असे वकीलबाईंनी सुचवले. ही पळवाट सुज्ञ आहे, म्हणूनच ती मला नको.

अखेरीस मी मयुरीलाच विचारले. ती माझ्या पायांना तेल लावत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "पाय जाणार असेल, तर आहे तोवर क्लच दाबून घेते. जाणार नसेल, तर दोन पेडलांच्या गाडीचं मला काय करायचं? कसंही धरा पप्पा, जुनीच येते."

मी म्हणालो की युक्तिवाद बिनतोड आहे. ती म्हणाली, "तुमचीच मुलगी आहे." हे वाक्य बोलून झाल्यावर दोघांच्याही ध्यानात आले की प्रश्न नेमका तोच होता.

यास्तव पहिल्या पिढीची, तीन पेडलांची गाडी मी कन्या मयुरी हिला देतो. दामटून आणल्यावर इंजिन लगेच बंद करू नये, मिनिटभर नुसते चालू ठेवावे, तेवढ्यात टर्बो निवतो. तेलात काटकसर करू नये. लग्न झाल्यास गाडी तिच्यासोबत जाईल. सासरच्यांना ती आवाज करते असे वाटल्यास, ती तशीच आहे असे सांगावे.

आणि जुनी तिला देण्याचा शब्द न मोडता, कोणताही युक्तिवाद न ऐकता, मी पुढील कलम घालीत आहे. ते मयुरीस सर्वांत शेवटी वाचून दाखवावे. ती रागावेल.

कलम पाचवे व शेवटचे

तिसऱ्या पिढीची, दोन पेडलांची गाडी मी पत्नी रत्ना हिच्या नावे ठेवतो. ती तिने विकू नये, भूषणने मागितल्यास वापरावयास द्यावी, पण परत घ्यावी. दर महिन्यास ती सुरू करावी, तेल बदलावे, टायरांना तडे जाऊ लागल्यास नवे घालावेत, नोंदणीची मुदत संपल्यास शासनाच्या पायऱ्या झिजवून वाढवून घ्यावी. रत्नाच्या पश्चात हे काम पुनाने अथवा त्याच्या वारसाने करावे. गाडी सदैव अशा स्थितीत असावी की कोणत्याही दिवशी, डावा पाय नसलेल्या माणसाने, किल्ली फिरवावी आणि निघावे.

आमच्या घराण्यात पन्नाशी उलटल्यावर कोणाचा पाय नव्याने गेल्याचे ऐकिवात नाही. तोवर ही गाडी उभी राहील.

वकीलबाईंनी येथे लेखणी थांबवून विचारले की, इतकी वर्षे न वापरता गाडी सांभाळणे म्हणजे निव्वळ नासाडी नव्हे काय. होय. या नासाडीसाठीच मी हे मृत्युपत्र करीत आहे. रत्नाचे सर्व श्रम व्यर्थ जावेत, प्रत्येक टायर न झिजता जुना व्हावा, आणि ज्यासाठी ही गाडी ठेवली तो प्रसंग तिला कधी न मिळावा, असा माझा आशीर्वाद आहे. मी तो शाबूत मनाने देत आहे.

मयुरीच्या पन्नासाव्या वाढदिवशी तिने ही गाडी स्वतः चालवत भंगारवाल्याकडे न्यावी, किल्ली त्याच्या हाती द्यावी, आणि तेथून घरी पायी यावे.

येणेप्रमाणे लिहवून घेतले, मला वाचून दाखवले, ते माझ्या म्हणण्याबरहुकूम आहे. स्वाक्षरी जमली नाही, म्हणून डाव्या हाताचा अंगठा. तो रत्नाने धरून उमटवला.

नवल तोताराम बोरसे (निशाणी डावा अंगठा)

आम्हा दोघांसमक्ष मृत्युपत्रकर्त्याने अंगठा उमटवला व आम्ही त्यांच्यासमक्ष सह्या केल्या. आम्हांस या मृत्युपत्रान्वये काही मिळावयाचे नाही.

साक्षीदार १. ॲड. दिपमाला सिसोदे, जळगाव
साक्षीदार २. लखन सोनवणे, शेजारी, जळगाव

स्थळ : जळगाव
दिनांक : १८ सप्टेंबर २०२५