माझी प्रॉक्सी

१ ऑगस्ट

पोचले एकदाची! खोली दुसऱ्या मजल्यावर, खिडकीतून लॅबची इमारत दिसते. गादी इतकी पातळ, की खालच्या फळीशी आपली थेट ओळख होते. आई सामान लावून गेली. जाताना वॉर्डनबाईंना ऐकवून गेली, की आमची मुलगी इलेक्ट्रॉनिक्स शिकणार. बाईंच्या हॉस्टेलात इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांशिवाय दुसरं कुणी राहतच नाही, पण त्या बिचाऱ्या कौतुकाने हसल्या. रूममेट बोलायला लागली की थांबत नाही, म्हणून मी मनातल्या मनात तिचं नाव रेडिओ ठेवलंय. मी वेटिंग लिस्टमधून, अगदी शेवटच्या फेरीत आले हे तिला सांगितलं नाही. आले ना? झालं तर मग.

५ ऑगस्ट

घरी मी हुशार होते, म्हणजे वासरात लंगडी गाय शहाणी. इथे शेजारच्या बाकावरची मुलगी शाळेत असतानाच रोबो बनवून मोकळी झालीय. सर्किटचे सर हजेरी घेता घेता एकेकाला उभं करून प्रश्न विचारतात. चुकलं तर ओरडत नाहीत, नुसतं ‘हं’ म्हणतात. ओरडले असते तर बरं. आज माझ्यापर्यंत यायच्या आत तास संपला. पण एक दिवस पितळ उघडं पडणार. ऑफिसातून कुणीतरी येऊन नम्रपणे सांगणार, की बाई, चूक झाली, ही सीट दुसरीची आहे. आईला फोनवर म्हटलं, मस्त चाललंय.

९ ऑगस्ट

आज सरांच्या तासाला दांडी मारली. रेडिओला म्हटलं, माझी प्रॉक्सी लाव. सगळेच लावतात. एवढ्या भरल्या हॉलमध्ये कोण कुणासाठी ‘येस सर’ म्हणालं, कुणाला कळतंय! दुपारी ती फणफणत आली. तुला यायचंच होतं तर मला कशाला कामाला लावलंस, म्हणाली. म्हणे मी पहिल्या बाकावर बसले होते, फाडफाड उत्तर दिलं, आणि तिच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. ही बया कशाचीही थट्टा करते. मी हसले. हजेरी लागली, काम झालं.

१२ ऑगस्ट

जिन्यात सरांनी थांबवून शाबासकी दिली. कुठल्या उत्तराची, ते विचारायची हिंमत झाली नाही. नुसती मान डोलावली. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. फार बरं वाटलं.

प्रॅक्टिकललाही गेले नाही. संध्याकाळी बघते तर हजेरीच्या शीटवर माझी सही, अगदी मी करते तशी. हा काय प्रकार आहे मला कळत नाही. पण तिला, जी कुणी आहे तिला, जमतंय. मला जमलं नसतं.

१८ ऑगस्ट

आठवडा झाला, पांघरूण घेऊन पडून आहे. ती जाते, मी राहते. आज रेडिओ कुणा मैत्रिणीला घेऊन आली. माझंच कौतुक चाललं होतं, मी लॅबमध्ये किती छान समजावून सांगते त्याचं. मैत्रिणीने पलंगाकडे बोट दाखवून विचारलं, ही कोण? रेडिओने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, असेल कुणाची तरी पाहुणी.

या वेळी ती हसत नव्हती.

२२ ऑगस्ट

आज गेलेच. माझा नंबर पुकारला. मी तोंड उघडायच्या आत पहिल्या बाकावरून ‘येस सर’ आलं. माझा आवाज. माझी वेणी, माझा निळा शर्ट. सरांनी विचारलं, ट्रान्झिस्टर तापला की प्रवाह वाढतो, त्याने तो आणखी तापतो, हे थांबवायचं कसं? तिने सांगितलं. शब्द न् शब्द, मी मनात जुळवला होता तसाच.

म्हणजे मला येत होतं. पहिल्या दिवसापासून येत होतं. मी नुसती उभी राहिले असते तरी —

उभी राहिले. ओरडले, ती मी नाही, मी इथे आहे! सर म्हणाले, बाहेरच्यांनी तासाला बसू नये. ती मागे वळलीसुद्धा नाही.

२४ ऑगस्ट

खोलीत माझा पलंग आहे, त्यावर ती झोपते. मी वाचनालयात. जिन्याखाली माझा आवाज ऐकला — आईशी फोनवर. शनिवारी ये म्हणाली. अवघड जातंय गं, पण जमेल, असंही म्हणाली. मी आईला हे कधी सांगितलंच नव्हतं.

आई ओळखेल. नुसत्या ‘हॅलो’वरून तिला माझा ताप कळतो. ती ओळखणारच.

२७ ऑगस्ट

फाटकाजवळच्या बाकावर. वही मांडीवर घेतलीय.

आई आली. मी धावले — ती समोरून आली — आईने तिला पोटाशी धरलं. मी आईचा हात पकडला, घट्ट. दचकली. चष्मा नीट करून बघितलं, खूप वेळ बघितलं — मग हात हळूच सोडवून घेतला.

अहो म्हणाली. माझी आई मला अहो म्हणाली.

घाबरू नका, म्हणाली, तुम्हीही नवीनच दिसता. नाव काय तुमचं?

सांगायला तोंड उघडलं आणि — येईना —

दोघी उभ्या आहेत. आई अजून थांबलीय, माझ्यासाठी थांबलीय — लिहिलं की आठवेल, लिहूनच दाखवते तिला — माझं नाव

माझं