खळ वाळेपर्यंत

आप्पा, सकाळपासून हे चौथं कार्ड फाटलं. पन्नाशी उलटली, शाळेच्या ऑफिसात अर्धं आयुष्य फायली लावण्यात गेलं, पण दोन मिनिटं हात शांत ठेवणं मला अजून जमत नाही. परवा नाताळ. ताईकडे जायचंय, आणि जाताना तुम्ही केलं होतं तसं कार्ड न्यायचंय, उघडलं की आतून गोठा उभा राहणारं. ते तिच्या हातात देऊन एक गोष्ट सांगायचीय. ती तुम्हालाही मी कधी सांगितली नाही. म्हणून आधी तुम्हाला लिहितेय, म्हणजे तिच्यासमोर तोंड उघडेल की नाही याचा अंदाज येईल. एवढं लिहून मी उठले, चहा टाकला, तो उतू गेला, ओटा पुसला आणि चहा न पिताच परत येऊन बसले.

तुम्ही अंबडला खोक्यांच्या कारखान्यात पंचिंग मशीनवर होतात. मिठाईचे, साबणाचे, औषधांचे खोके. मशीन लावण्याआधी पहिला नमुना हाताने कापायचा असे, आणि तो तुम्हीच कापावा असा तिथल्या साहेबांचा आग्रह असे. उरलेले तुकडे तुम्ही डब्याच्या पिशवीतून घरी आणायचात. आई गेल्यापासून घरात आपण तिघंच होतो, मग ताईने कोर्टात जाऊन लग्न केलं आणि आपण दोघंच उरलो. मुलगा ख्रिश्चन, शरणपूर रोडला राहणारा. तुमचा राग त्याच्या धर्मावर नव्हता, हे मला तेव्हाही माहीत होतं. आईच्या मागे जिच्या हातात घराच्या किल्ल्या दिल्या, तिने तुम्हाला काही सांगितलं नाही. कारखान्याच्या गेटवर कुणीतरी तिसऱ्यानेच तुमचं अभिनंदन केलं, आणि कशाबद्दल ते तुम्हाला त्यालाच विचारावं लागलं. त्या दिवसापासून चार वर्षं तुम्ही ताईचं नाव काढलं नाहीत. तिनेही इकडे पाऊल टाकलं नाही.

मग तिला मुलगी झाली. ही बातमीही गेटवरूनच आली. डिसेंबर, थंडी मी म्हणतेय. पहिली पाळी करून तुम्ही दुपारी घरी येता, पिशवीतून पांढरी जाड कार्डशीट काढता आणि विचारता, घरात मैदा आहे का. जुन्या पत्र्याच्या डब्यात तुम्ही खळ शिजवता, कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद टाकता. शाई संपलेल्या बॉलपेनने पट्टीच्या कडेने रेघ दाबता. आधी घडी, मग कात्री, हा तुमचा नियम. कुणासाठी चाललंय हे तुम्ही सांगत नाही, आणि मला ते विचारावं लागत नाही. मी एवढंच म्हणते की नाताळाला झाड करतात, हिरवं, त्रिकोणी.

"झाड मी कुठं जवळून पाह्यलंय," तुम्ही म्हणालात. "त्यांचं लेकरू गोठ्यात जन्मलं ना? गोठा मला कळतो."

आणि खरोखरच गोठा केलात, पण तो आपल्या गावाकडचा, चांदवडचा. भिंतींना वारा खेळायला उभ्या फटी, थेट आपल्याकडच्या कांद्याच्या चाळीसारख्या. आत बाळाची झोळी आणि शेजारी एक बैल. त्याची शिंगं इतकी ऐटबाज की कार्ड मिटल्यावर बाहेर डोकावायला लागली. ती कापताना तुमचा चेहरा असा पडला की मला हसू आवरेना. शेवटी तुम्हीही हसलात. गोठ्याच्या खाली, तुमच्या त्या सावकाश, गोल अक्षरात तुम्ही तीनच शब्द लिहिलेत. तिघंही घरी या. जावईसुद्धा त्यात आला होता. मी ते वाचलं आणि मैद्याचा डबा जागेवर ठेवला.

गोठ्याची एक पट्टी तुम्ही चिकटवलीत, दुसरीला खळ लावलीत आणि कार्ड सरळ मिटून टाकलंत. आत काय झालं ते न बघता कसं काय चिकटवता, असं मी विचारलं. उघड्यावर चिकटवलं तर मिटताना फाटतं, तुम्ही समजावलंत, मिटल्यावर ते आपली जागा आपण धरतं. वर पाटा ठेवलात. माझा हात पाट्याकडे जाताना बघून तुम्ही, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, अशी माझी चेष्टा केलीत. आणि मग चेष्टा सोडून म्हणालात, "उद्या सांजच्यापर्यंत हात लावायचा नाय. थंडीचं वाळायला येळ लागतो. सांजंला तूच दिऊन ये."

दुसऱ्या दिवशी तुम्ही पाळीवर गेलात, ओव्हरटाइम धरून संध्याकाळपर्यंत. दहा वाजेपर्यंत मी कसाबसा तग धरला. मग पाटा बाजूला केला, कार्ड वहीत घातलं आणि सायकल काढली. त्र्यंबक नाक्याला मी थांबले. नीट उभा राहतो का गोठा, एवढंच बघायचं होतं. उघडलं, तर ओली खळ ताणली गेली, गोठ्याची एक बाजू सुटली आणि तिच्याबरोबर खालच्या कागदाचं सालपट निघालं. बैल एका पायावर लोंबकळायला लागला. मी सायकल वळवली आणि घरी आले. संध्याकाळी तुम्ही हातपाय धुतलेत, टॉवेलने तोंड पुसत विचारलंत, दिलं का. मी म्हणाले, दिलं, तिने घेतलं, काही बोलली नाही.

तुम्ही "बरं" म्हणालात. पण त्या रविवारी मटण जास्त आणलंत. पाहुणे येणारेत का, असं शेजारच्या काकूंनी विचारलं तेव्हा तुम्ही नुसतेच हसलात. पुढच्या रविवारीही जास्त आणलंत, आणि दुपारी दोनपर्यंत जेवायला बसला नाहीत. मी समोर ताट घेऊन बसले होते. तिसऱ्या रविवारी आपल्या दोघांपुरतंच आणलंत. त्यानंतर पावसाळ्यात तुम्ही गेलात. ताई मुलीला कडेवर घेऊन आली, बराच वेळ उंबऱ्याबाहेर उभी राहिली. मी तिला आत घेतलं. ती रडली नाही, माझा हात धरून एवढंच म्हणाली, "एकदा बोलावलं असतं गं त्यांनी, मी धावत आले असते."

तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. त्यानंतर दर नाताळाला ती मला करंज्यांचा डबा पाठवते, माझ्या आजारपणात पंचवटीला येऊन राहते, आणि तुमचा विषय निघाला की तो बदलते. तिची समजूत अशी की तुम्ही शेवटपर्यंत मन मोठं केलं नाहीत. तुमची समजूत अशी होती की कार्ड हातात घेऊनही तिने उत्तर दिलं नाही. या दोन्ही समजुती माझ्यामुळे झालेल्या, आणि त्या तशाच ठेवून मी करंज्या खात आले. आता तिचीही सत्तरी जवळ आली, गुडघे धरलेत. मघाशी फोन केला तर म्हणाली, काही आणू नकोस, तू ये फक्त. मी कुकरची शिट्टी झाली असं सांगून फोन ठेवला.

पाचवं कार्ड आता टेलिफोनच्या जुन्या जाड डिरेक्टरीखाली आहे. हात त्याच्याकडे जाऊ नये म्हणून खरं तर हे पत्र चाललंय. आतापर्यंत तीनदा उठले, खिडकी लावली, उघडली, परत लावली. हे संपलं की घडी करून तुमच्या फोटोच्या मागे सरकवीन, दुसरीकडे पाठवणार तरी कुठे. पण संपवण्याआधी एक राहिलंय, आणि ते टाळण्यासाठीच बहुतेक बैलाच्या शिंगांपर्यंत सगळं सविस्तर लिहीत बसले.

आप्पा, ते कार्ड फार फाटलं नव्हतं. डब्यात खळ उरली होती. बोटभर लावून परत मिटलं असतं, तर संध्याकाळपर्यंत गोठा उभा राहिला असता, आणि तुमचे शब्द तर जसेच्या तसे होते. घरी येऊन मी ते समोर ठेवलं आणि दुपारभर बघत बसले. चार वर्षं तुम्ही माझ्यासाठी जेवायला थांबत होतात, पगार झाला की मला विचारून बाजार करत होतात. ताई आली असती तर मी परत धाकटी झाले असते. तुमची पाळी सुटायच्या आत मी ते न्हाणीतल्या बंबाच्या जाळात घातलं. परवा ताईला मी कार्ड फाटल्याचं सांगेन. बंबाचं सांगणार नाही.