आजोबांच्या दुखण्याचे आकडे

९ जानेवारी २०१४, गुरुवार. सकाळचे ६ वाजून २० मिनिटे.

अंगणात लाकडं फोडत होतो. अकरावा ओंडका. आजोबा दारात येऊन उभे राहिले, एक हात चौकटीवर, एक कमरेवर. म्हणाले, "फीनो, तो गांजाचा कागद करून आण."

कुऱ्हाड ओंडक्यात तशीच राहिली. दोन वर्षं मी मागे लागलो होतो, दुखण्यावर औषध म्हणून सरकार गांजाचा परवाना देतं, तो काढा! चाळीस वर्षं वाकून मेंढ्या कातरल्या, त्यात दोन मणके चेपले, रात्री कूस बदलताना दात आवळल्याचा आवाज मला भिंतीपलीकडे येतो. आणि प्रत्येक वेळी उत्तर एकच – "तो रिकामटेकड्या पोरांचा पाला." वर परत हेही सांगायचं की त्यांची आई कपाटात बाटली ठेवायची, स्पिरिटमध्ये तोच पाला भिजवलेला, आणि गुडघ्यांना चोळायची. "तेव्हा कागद लागत नव्हता."

विचारलं, "आजोबा, आज काय झालं?"

"म्हातारा झालो."

चौऱ्याऐंशीव्या वर्षी, आज सकाळी!

असो. मन बदलायच्या आत करायला हवं. मी करीन.

११ जानेवारी

अर्ज सात पानी. आधी रद्दी कागदावर पूर्ण लिहून काढला, मग पेन्सिलीने, मग शाईने. आजोबा पडले तेव्हा दहावीत शाळा सुटली माझी, पण कोणी माझ्या अर्जात चूक काढून दाखवावी. दोन डॉक्टरांच्या सह्या लागतात. जुन्या एक्स-रेची पाकिटं वर्षांप्रमाणे लावली.

१४ जानेवारी

गावच्या दवाखान्यात. डॉक्टरीण बाई नवीन, फार तरुण. "शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे असह्य. तुमचं दुखणं किती?"

आजोबांनी छताकडे पाहिलं. "आठ."

"रोज?"

"रविवारीसुद्धा."

बाई हसली आणि सही केली. पहिली सही, चाळीस डॉलर! ही आकड्यांची पद्धत मला फार आवडली. औषध सुरू झालं की रोज आकडा लिहून ठेवायचा. तक्ता आखून ठेवला आहे.

२२ जानेवारी

सांता फेला दुसरा डॉक्टर. दीडशे डॉलर, नऊ मिनिटं. सही मिळाली.

परत येताना डॉन प्लासिदोच्या घरापाशी आजोबा म्हणाले, "हळू घे." मी हळू घेतली. त्यांच्या ट्रकवर वीतभर बर्फ, चाकांच्या खुणा नाहीत.

"किती दिवस हललेली नाही म्हणायची पाणीचोराची गाडी?" आजोबांनी विचारलं.

"आठवडा तरी."

"हं."

मला वाटलं, मनातून खूश झाले असतील. वैर जुनं आहे. १९९१ साली ऐन दुष्काळात, आमच्या पाळीच्या रात्री, डॉन प्लासिदोने पाटाच्या दाराची फळी उचलून पाणी आपल्या शेतात घेतलं. आमचा घेवडा जळाला. आजोबा तेव्हा पाटकरी होते, म्हणजे पाण्याची पाळी ठरवणारे, आणि त्यांच्याच नाकाखाली! त्याआधी वीस वर्षं दोघं एकत्र मेंढ्या कातरायला कोलोराडोपर्यंत जायचे, एका तंबूत झोपायचे. आता चर्चमध्ये एक डावीकडे बसतो, एक उजवीकडे. तेवीस वर्षं शब्द नाही.

२३ जानेवारी

अर्ज पाठवला. पोस्टातल्या माणसाला म्हटलं, पावती द्या. म्हणाला, "फीनो, प्रेमपत्र आहे का?" मी म्हटलं, त्याहून महत्त्वाचं.

३ फेब्रुवारी

आजोबा रोज विचारतात, आलं का. त्यांनी असं कशाची वाट पाहिलेली मी पाहिलेलं नाही.

१२ फेब्रुवारी

कार्ड आलं! आजोबांच्या फोटोत ते खुनासारखे दिसतात—नाही, खुनी माणसासारखे. घाईत लिहिलं.

नियम मोठ्याने वाचून दाखवले. कुठे ठेवायचं, गाडीत कसं न्यायचं. शेवटी: हे औषध दुसऱ्या कोणालाही देऊ नये, दिल्यास परवाना रद्द. हे दोनदा वाचलं. मला पोलिसांची भीती वाटते, वाटतेच.

आजोबा म्हणाले, "झालं वाचून? मग कॉफी ओत."

१४ फेब्रुवारी

दुकान. मला वाटलं होतं अंधार असेल, धूर असेल. तिथे दातांच्या दवाखान्यासारख्या खुर्च्या. काउंटरवरची बाई हातभर गोंदलेली, पण बोलायला गोड. तिने विचारलं, ओढायचं, थेंब घ्यायचे की चोळायचं?

मला खात्री होती आजोबा चोळायचं मागणार, आईच्या बाटलीसारखं. तर म्हणाले, "पोटात टिकेल असं. मऊ. चावायला न लागणारं."

आजोबांचे दात शाबूत आहेत. अक्रोड फोडतात!

बाई म्हणाली, चरबीत हळू तापवून उतरवता येतं, मग त्या चरबीत काहीही भाजा. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, नाताळातली बडीशेपेची बिस्किटं. नुसती तोंडात धरली तरी विरघळतात. "तुझी आजी करायची तशी," ते म्हणाले.

सात ग्रॅमची पुडी, सत्तर डॉलर. विमा यातलं काहीच देत नाही.

१५ फेब्रुवारी

डुकराची चरबी, मंद आच, दोन तास, थर्मामीटर लावून. फडक्यातून गाळली. मग पीठ, बडीशेप, दालचिनी. पहिली खेप हिरवट झाली पण वास लपला. चौदा बिस्किटं, एका आठवड्याची, सकाळी एक संध्याकाळी एक. कॉफीच्या बरणीत भरली. बरणीवर चिठ्ठी चिकटवली: बरणी १, तारीख, मात्रा, "एका वेळी एकच!"

शेजाऱ्याच्या कुत्र्यालासुद्धा पत्ता लागू दिला नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

बरणी आजोबांच्या ताब्यात. म्हणाले, "माझं मी खाईन. तू उभा राहून बघायचं नाही, मी काय वासरू आहे?"

दुपारी काठी घेऊन निघाले. कुठे? पाटाच्या दाराकडे, अवजारांची जुनी पेटी आहे तिथे. घरापासून तीनशे चाळीस पावलं, मी मोजली आहेत, त्यात बर्फ. म्हटलं, आजोबा, पाट कोरडा आहे, पाणी एप्रिलमध्ये सुटेल.

"कोरड्या पाटाचंच दार आधी बिघडतं. तुला काय कळतंय."

संध्याकाळी आकडा विचारला. "नऊ." डॉक्टरला आठ सांगितलं होतं! चालण्यामुळे असणार. लिहिला.

१९ फेब्रुवारी

सात! रोज दाराकडे जाणं चालू आहे.

सकाळी आकडा विचारला तर म्हणाले, "अजून माहीत नाही. संध्याकाळी सांगतो." आता रोज संध्याकाळीच विचारतो.

२३ फेब्रुवारी, रविवार

बरणी २. आकडा सहा. रात्री अजून दात आवळल्याचा आवाज येतो, पण दुकानातली बाई म्हणाली होती, झोपेला वेळ लागतो.

२ मार्च, रविवार

चार!! तीनदा विचारून खात्री केली. आजोबा म्हणाले, "चार म्हणजे चार. आज हसलासुद्धा."

"कोण?"

"मी. मी हसलो."

तक्त्यावर रेघ अशी उतरत गेली आहे की फ्रेम करून लावावी. दहावी नापास म्हणणाऱ्यांना दाखवावी. बरणी ३ दिली.

४ मार्च

रिकाम्या बरण्या परत मागितल्या, नवीन आणायला दीड डॉलर पडतो. आजोबा म्हणाले, "खिळे ठेवलेत त्यात." शेडमध्ये पाहिलं. खिळे तंबाखूच्या जुन्या डब्यातच आहेत, नेहमीच्या जागी. म्हाताऱ्या माणसाच्या वस्तूंत फार शोधाशोध करू नये. सोडून दिलं.

९ मार्च

तीन. बरणी ४. चर्चमध्ये उजवीकडची डॉन प्लासिदोची जागा पुन्हा रिकामी. त्यांची मुलगी ओदिलिया एकटीच आली होती. ती डोंगरावरच्या सरकारी प्रयोगशाळेत कामाला आहे, चांगला पगार, पण नशापाणी करता का म्हणून दर थोड्या दिवसांनी लघवी तपासतात. मी तिच्यापासून चार हात लांब उभा राहिलो. माझ्या कपड्यांना वास असेल म्हणून.

आजोबा मात्र जाऊन तिच्याशी बोलले! हवापाण्याचं. तेवीस वर्षांत पहिल्यांदा त्या घरातल्या कोणाशी. माणसाचं दुखणं कमी झालं की मन मोठं होतं, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

१७ मार्च

सहा. हे काय? पुडी तीच, आच तीच.

१८ मार्च

सहा.

२० मार्च

आठ. आजोबांनी आकडा सांगितला आणि जेवले नाहीत. म्हणाले, "फीनो, जास्त घाल." मी घाबरलो. नियमात मात्रा लिहिली आहे. दुकानात फोन केला, बाई म्हणाली थोडं वाढवायला हरकत नाही, पण हळू. म्हटलं, ठीक आहे, मी आहे. आकडा वर गेला तसा खाली येईल. एकदा आणला आहे खाली, पुन्हा आणीन.

२३ मार्च, रविवार

बरणी ६. जरा जोरदार. चिठ्ठीवर लाल शाईने "अर्धंच!" लिहिलं.

२४ मार्च

आजोबा दाराकडून लवकर परतले. आकडा?

"आज आकडा नाही."

तक्त्यात रेघ मारली. पहिल्यांदाच.

२५ मार्च, मंगळवार

पहाटे चर्चची घंटा. डॉन प्लासिदो गेले. पोटाचा कर्करोग, सप्टेंबरपासून. कोणाला सांगितलं नव्हतं.

आजोबांनी दाढी केली, काळा कोट काढला, मला म्हणाले बूट पुसून दे. मी म्हटलं, आजोबा, तुम्ही तिकडे जाणार?

"तुझे हात रिकामे असतील तर माझा डावा बूट बांध."

२६ मार्च

रात्रभर प्रार्थना. आजोबा सगळ्यात पुढे, शवपेटीपाशी, गुडघ्यांवर. तासभर. उठता येईना, दोन माणसांनी काखेत हात घालून उचलले. चेहरा राखेसारखा. मी कानात विचारलं, किती?

"गप्प बस, फीनो."

मागे बायका कुजबुजत होत्या, पाहा, मेल्यावर तरी वैर संपलं. मला त्यांचा अभिमान वाटला.

२९ मार्च, शनिवार

पाटसफाई. दरवर्षीसारखे सगळ्या घरचे गडी फावडी घेऊन जमले. ज्याची जेवढी जमीन तेवढा पाटाचा तुकडा त्याने उपसायचा. डॉन प्लासिदोच्या तुकड्यावर आले तेव्हा पाटकरी थांबला, यंदा हा कोण करणार?

"आम्ही," आजोबा म्हणाले. "फीनो, खणायला लाग."

दोन तुकडे उपसले. हात सोलून निघाले. आजोबा दारापाशी त्या अवजारांच्या पेटीवर बसून होते, शेजारी एका माणसाची जागा मोकळी ठेवून. कोणी तिथे बसायला आलं की काठी आडवी धरायचे.

३० मार्च, रविवार

ओदिलिया आली. टोपलीत सहा बरण्या, धुऊन पुसून. माझ्या चिठ्ठ्या तशाच. आमच्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत – पाच बरण्यांत वाळवलेली सफरचंदं. सहावीत माझीच बिस्किटं, अकरा.

म्हणाली, "बाबांनी जायच्या आधी सांगितलं, सफाईला माणसं यायच्या आत पाटाची पेटी उघड. माझी नोकरी जाऊ नये म्हणून एकसुद्धा बिस्कीट घरात आणलं नाही त्यांनी. स्वतःचं कार्डही काढेनात. तिथेच खायचे, पाटावर बसून. तुझे आजोबा रोज यायचे, आकडा विचारायचे."

ती गेल्यावर तक्ता काढून आजोबांपुढे ठेवला.

"ह्यात तुमचा कुठला?"

"डॉक्टरला सांगितला तेवढा माझा."

"आणि आज?"

"तोच. आठ."

बरणी ६ उघडली. अर्धं मोडून दिलं, आणि समोर उभा राहून पाहिलं. वासरू म्हणा नाहीतर काहीही म्हणा.

खर्च: डॉक्टर १९०. पुड्या सहा, ४२०. चरबी, पीठ, बडीशेप, बरण्या ४०. पेट्रोल ८८. एकूण ७३८ डॉलर.
देणं: पेट्रोलपंपावर २२. आजोबांना, सहा बरण्या. पैकी पोचलं, अर्धं बिस्कीट.