चार नंबरचं माहेर

१२ नोव्हेंबर

आज पण तेच! पाणवठा तिकडं, काळवीट तिकडं, जेसीबीनं उकरून दिलेल्या गुहा तिकडं — आणि ही बया संध्याकाळ झाली की माझ्या चौकीमागं. लांडग्याची मादी. कागदावर चार नंबर. पिंजऱ्यात जन्मली, उन्हाळ्यात नरासोबत इथं माळावर आणून सोडली. इथले लांडगे कधीच संपले, ही जोडी रुळली तरच पुन्हा सुरुवात. तिच्या गळ्यात रेडिओचा पट्टा, माझ्या हातात अँटेना. दिवसभर तिची टिकटिक ऐकत हिंडायचं, हीच माझी नोकरी.

आता हिंडावं पण लागत न्हाई. चौकीमागच्या मुरमाच्या ढिगावर येऊन बसती. पायानं जरा उकरती, माझ्याकडं बघती. मी तिच्याकडं. दुसरं हाय कोण बघायला!

१९ नोव्हेंबर

दिवसभर कुणाशी बोलले न्हाई.

२५ नोव्हेंबर

भाकरीचा तुकडा टाकला तिला. टाकायचा नसतो, माहीत हाय. सकाळी बघते तर त्याला मुंग्या. हुंगलं पण न्हाई. लाजायली असंल.

२ डिसेंबर

बाणूबाई मेंढरं घेऊन तारेपलीकडनं चालली होती. हाक मारून थांबवलं, चार नंबर दाखवली. म्हणाली, "अगं बाई, पोटुशी हाय की ही! पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण माहेरालाच अस्तंय. लेक आलीय तुझ्या घरला, डिंकाचे लाडू कर! माझं कोकरू उचललं तर तेवढा आहेर समजू नगं."

लई हसले. खोलीत येऊन रडले पण. पोर न्हाई म्हणून सासरनं परत धाडलं. आई-अण्णा गेले, भावाच्या घरात माझं लुगडं अडकवायला खुंटी पण उरली न्हाई. आणि मला कुणीतरी लेकीची आई म्हणायलंय!

६ डिसेंबर

बाबासाहेबांच्या फोटोपुढं मेणबत्ती लावली. त्रिसरण एकटीनंच म्हटलं. औरादला गावात असते तर सगळ्यांसोबत विहारात गेले असते. खिडकीतून बघितलं — ढिगावर बसलेली. बरं वाटलं.

९ डिसेंबर

वनखात्याचे विरुपाक्षसाहेब आले. नकाशा पसरला. तिचे ठिपके सगळे चौकीभोवती, मुंगळे गुळाला लागावेत तसे.

"दीपमाला, हे जनावर माणसाला सोकावलंय. उद्या गावात शिरंल, लोक दगडानं ठेचतील. महिनाअखेर तुझ्यापासून लांब गेली न्हाई, तर परत पिंजऱ्यात."

पिल्लांसकट?

"पिल्लांसकट."

माझ्यामुळं! जीव लावला म्हणून तिला जन्मभर पिंजरा!

११ डिसेंबर

ताट बडवलं. ओरडले. दगड मारला — बाजूला मारला, पण मारला. थोडी सरकली आणि बसली. "जा की गं! कामून माझ्यामागं लागलीस?" ओरडून ओरडून घसा बसला. ती आपली ढिगाकडं बघत बसली.

आज जेवण गेलं न्हाई.

१४ डिसेंबर

ती जाईना, तर मीच जाते. साहेबांना सांगितलं, चौकी बंद करा, तिला माझी सवय मोडू दे. साहेब म्हणाले, "खरंच जाशील?" टिकटिक आता साहेबांचा दुसरा माणूस, निंगप्पा ऐकणार, लांबच्या मनोऱ्यावरनं.

१७ डिसेंबर

कुलूप लावलं. ट्रंक, स्टोव्ह, फोटो — जीपमध्ये एवढंच. मागं वळून बघितलं न्हाई. खोटं कामून लिहू, बघितलं. लेक माहेराला आलेली, आणि आईच घर सोडून चालली. असं कुठं अस्तंय का!

२२ डिसेंबर

औराद. भाड्याची खोली. आज बाजाराचा दिवस, मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू — कान किटले. एवढ्या माणसांत मला हाक मारणारं एक न्हाई.

२८ डिसेंबर

निंगप्पाचा फोन. चार नंबरची टिकटिक ऐकूच येईना. नर एकटाच फिरायलाय. बाई गं, माझ्या वासावर रस्त्याला तर लागली न्हाई? डांबरीवर ट्रक किती!

१ जानेवारी

अजून पत्ता न्हाई. महिना संपला, पिंजरा जीपवर चढवून ठेवलाय. सापडली की उचलणार. मेली असंल, असं कुणी तोंडानं म्हणत न्हाई एवढंच.

१९ जानेवारी

सापडली! टिकटिक बंद नव्हतीच, जमिनीखाली होती. सवय मोडायची म्हणून चौकीकडं कुणी फिरकलंच नव्हतं. चौकीमागच्या मुरमाच्या ढिगात बीळ, पार माझ्या खोलीच्या जोत्याखालपर्यंत. निंगप्पानं दुर्बिणीतून पिल्लं बघितली, चार. साहेब खूश. "मऊ मुरूम, उंच जागा, आणि माणूस न्हाई. बरोबर निवडलं की!" पिंजरा रद्द.

म्हणजे पहिल्या दिवसापासनं ती जागा बघायलती. मला न्हाई. मी कधी एकदाची निघते, याची वाट बघत बसायची, बया!

बाजारातनं डिंक आणलाय.