येतो म्हणावं

१० जानेवारी १९५६, ठाकूरद्वार

पोचलो एकदाचे! बोटीतून उतरून दोन दिवस झाले तरी पायाखालची जमीन हलतेच आहे, पण मी खूश आहे. इथल्या लोकांना आफ्रिका परदेश. मी जन्मले नैरोबीत, बोहल्यावर चढले नैरोबीत, मला मुंबईच परदेश. ह्यांचं बालपण मात्र इथलं, त्यामुळे वाटभर हे बघ नि ते बघ करून माझं डोकं खाल्लं. मुकू ट्राम बघून इतका किंचाळला की अख्खी ट्राम वळून बघायला लागली.

यशोदाबाईंच्या घरात महिनाभरासाठी दोन खोल्या घेतल्या आहेत, तिसऱ्या मजल्यावर, रस्त्याच्या अंगाला. बाई विधवा आहेत, बोलणं कमी, हाताला चव मात्र काय विचारू नका. आल्या आल्या कोळंबीचं भानोलं, तिखट केकच म्हणा ना, पुढे ठेवलं. मुकूने तोंड वेडंवाकडं केलं, मी दोन माणसांचं एकटीने खाल्लं. अठरा तारखेला मुकू पाच वर्षांचा होणार. त्याला केक हवा, वर मेणबत्त्या हव्या. बोटीवर काड्या पेटवून घेऊन फुंकायचा सराव करून कार्ट्याने सगळ्यांचा जीव खाल्ला.

१२ जानेवारी

आज एक गंमत झाली. गंमतच म्हणायची. मुकू ह्यांच्याबरोबर चौपाटीवर निघाला आणि दारातून ओरडला, 'मम्मी, जातो.' यशोदाबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या आणि त्याचा दंड धरला.

'जातो म्हणू नये, बाळा. येतो म्हणावं. येतो म्हटलं की यावंच लागतं.'

आमच्याकडे एवढं कोण बघतं! पण बाईंची बोटं दंडावर उमटली होती, रात्री खोबरेल लावलं. मुकू मला मम्मी म्हणतो तेही त्यांना खपत नाही. आई म्हणायला जीभ झिजते का, असं मला ऐकवलं.

जेवताना त्या एक पाट जास्त मांडतात, पान वाढतात. मुलगा आहे म्हणे, मनमोहन. येतो म्हणून बाहेर गेलाय. असेल कुठे शाळेत, वसतिगृहात.

१४ जानेवारी

संक्रांत. खालच्या मजल्यावरची लीला तिळगूळ घेऊन आली आणि दार लोटून मला सगळं सांगितलं. मनमोहन आठ वर्षांचा होता. नोव्हेंबरात, मुंबई महाराष्ट्राला हवी म्हणून मोर्चा निघाला त्या दिवशी मुलांच्या घोळक्यामागून गेला, पोलिसांची गोळी गळ्यातून आरपार. प्रेत आणलं तर बाई बघायला तयार नाहीत. माझा येतो म्हणून गेलाय, हा माझा नव्हे, एवढंच. शेजाऱ्यांनी सगळं उरकलं.

मी तशीच उठले आणि बाईंना म्हटलं, वाढदिवसाला मुकूचं औक्षण तुम्हीच करा. लीलाने माझ्याकडे असं काही पाहिलं! नंतर म्हणाली, विधवेला कोणी सांगतं का ओवाळायला. मी म्हटलं, नैरोबीत आम्ही असलं काही पाळत नाही. बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. बरं वाटलं मला.

१६ जानेवारी

हे सकाळी दादरला गेले, आत्यांना वाढदिवसासाठी आणायला. जाताना मुद्दाम मला डोळा मारून 'जातो गं' म्हणाले. अजून परतले नाहीत. संध्याकाळी रेडिओवर सांगितलं, मुंबई महाराष्ट्राला नाही, केंद्राच्या ताब्यात. तेव्हापासून रस्त्यावर नुसता आगडोंब आहे. ट्राम पेटवली. खिडकीतून आत जळक्या रबराचा वास येतो.

१७ जानेवारी

संचारबंदी. समोर पानवाल्याच्या फळीपाशी एक माणूस पडला. पोटावर दोन्ही हात, आणि हातांतून सगळं बाहेर. पाणी मागत होता. कोणी गेलं नाही. मीही गेले नाही. मुकूचं डोकं छातीशी दाबून बसले. एक गोळी स्वयंपाकघरात शिरली आणि पाण्याचं पिंप फुटलं. यशोदाबाईंनी निवांतपणे फरशी पुसली आणि म्हणाल्या, दार उघडंच असू दे, पोर येईल. मी उठून कडी घातली.

ह्यांचा पत्ता नाही.

१८ जानेवारी

आज वाढदिवस. केक कुठला, शिरा केला. मुकू रुसला होता, पाटावर बसवला. बाजूला तो दुसरा पाट, रिकामा, पुढे मनमोहनच्या आवडीचं भानोलं वाढलेलं. यशोदाबाईंनी कुंकू लावलं, निरांजन ओवाळायला घेतलं, आणि मुकूला वाटलं हीच त्याची मेणबत्ती. गाल फुगवून फू केलं. दिवा विझला.

मी हसले. देवा, मी हसले.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी निरांजन पुन्हा लावलं. ओवाळलं, पण मुकूला नाही. रिकाम्या पाटाला. मग मुकूची हनुवटी धरून म्हणाल्या, 'आता म्हण, येतो.' शहाण्यासारखा म्हणाला, येतो. बाहेर गोळीबार सुरू झाला म्हणून मी खिडकी लावायला वळले. वळून पाहते तर मुकू दुसऱ्या पाटावर बसलेला.

आणि भानोलं खात होता.

१९ जानेवारी

मुकूला बोट आठवत नाही. नैरोबीचा कुत्रा आठवत नाही. बोलतो ते इथल्या पोरांसारखं, झरझर. गळ्यावर लाल ठिपका आहे, चिंचोक्याएवढा. डास चावला म्हणावं तर बाई तिथे सारख्या हळद लावतायत. मला तो हाक मारत नाही. त्यांना मारतो. आई म्हणतो.

लीलाला आवाज दिला. ती दार उघडत नाही.

२० जानेवारी

ठिपका फुटला. उशी रक्ताने भिजली. तो रडतसुद्धा नाही, पाणी पितो आणि ते गळ्यातून—

मी किंचाळले. बाई म्हणाल्या, बरं होईल, पहिल्यांदा आलाय.

दुपारी दारावर हात आपटले. लहान हात. खालून वर आले होते, जिना चढून. बाई म्हणाल्या, पोलीस आहेत, उघडू नको. पोलिसांची थाप दारावर इतक्या खाली पडत नाही.

२१ जानेवारी

लिहिलं की खरं काय ते ध्यानात राहतं, म्हणून लिहिते.

दाराबाहेर मुकू आहे. माझा मुकू. 'मम्मी, मी येतो म्हटलेलं ना. उघड ना.' मम्मी म्हणतो, अजून कोण म्हणणार! रस्त्यावर गोळ्या चालू आहेत आणि लेकरू जिन्यात—

बाई दाराला पाठ लावून उभ्या. म्हणतात, एकाच दिव्याला दोन पोरं कशी? तुझा गेला. तूच ओवाळायला सांगितलंस.

मीच सांगितलं.

तासाने—

वरवंटा. हाताला तोच लागला. एकदा घातला, तरी दार सोडेनात. पुन्हा. पुन्हा. आता पडल्या आहेत. कुंकवाचं ताट उलटलं की काय असं वाटलं. कुंकू नव्हतं.

तो पाटावर बसून बघत होता. बघत बघत जेवत होता. आता त्याला आई उरली नाही.

बाहेर मुकू हाका मारतोय. थांब रे राजा. वही गुडघ्यावर आहे, एक हात कडीवर—

मागून पदर ओढला.

मम्मी, म्हणतो. आतला. अगदी मुकूसारखं, तसंच लाडात, नैरोबीतल्यासारखं. त्याच्या गळ्यावर रक्त नाही. ठिपका नाही. काहीच नाही.

बाहेरचा गप्प झाला.

मुकू, बोल ना. एकदाच बोल, म्हणजे मला कळेल तू दाराच्या कोणत्या—