कोणाकडे बघून हसावं

माझ्या आईला बिश्केकहून बुरुलचा सलाम.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुझे गुडघे कसे आहेत? घोडी व्यायली का?

एर्मेकशी ठरलेलं लग्न मोडलं. त्याच्या वडिलांकडून कळायच्या आत माझ्याकडून ऐक. ते एका बड्या साहेबाला घेऊन आमच्या हॉटेलात आले होते. होणारे सासरे म्हणून मी मान खाली घालून, कमरेत वाकून त्यांना सलाम केला. साहेब पाहुणा, म्हणून मी त्याच्या डोळ्यांत बघून हसले. इथे पगार अशा हसण्याचाच मिळतो. साहेब वर खोलीत गेल्यावर सासरे म्हणाले, "परक्या पुरुषाला दात दाखवणारी सून आम्हाला नको."

आई, हेच गृहस्थ साहेबापुढे छातीवर हात ठेवून दुमडले होते, त्याच्या फालतू विनोदांना खदाखदा हसत होते. त्यांचं हसणं कामासाठी, माझं हसणं म्हणजे थेरं.

मी साखरपुड्याची कानातली काढून त्यांच्या हातावर ठेवली. पाहुण्यांकडे बघते तशी डोळ्यांत बघून हसले आणि म्हणाले, "पुन्हा या."

एर्मेकचा अजून फोन नाही.

बाबांना बेताने सांग. गावात कोणी विचारलं तर तू मान खाली घालू नकोस.

तुझीच,
बुरुल